कॉम्प्युटरचा पंचनामा

बंद पडलेल्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा आमच्या महाडच्या कॉलेजात एक नियम होता. तो कुठल्या परिपत्रकात नव्हता. सरांनी तो केला होता आणि ते तो अशा आवाजात सांगत की पुढे केलेला हात प्राचार्यसुद्धा मागे घेत. पडदा गोठला, अक्षरं जागच्या जागी थांबली, की सर मॉनिटरला पुठ्ठ्याची एक पाटी अडकवायचे. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलेलं असे, 'जैसे थे'. मग ते लॅबच्या दारातून व्हरांड्यात डोकावत आणि जो दिसेल त्याला म्हणत, "जरा आत या. पंच पाहिजेत."

मी तिथे इतिहास शिकवत होतो आणि स्टाफरूम लॅबला लागून होती, त्यामुळे बहुतेक वेळा मीच दिसायचो. पुढे पुढे सरांनी मला नावाने हाक मारणंच सोडलं. "अहो पंच," म्हणायचे. या थंडीत ते गेले. पोलादपूरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी दारातच म्हणाल्या, "आलात पंच? बसा."

सर फिजिक्सचे. कॉम्प्युटर लॅब त्यांच्याकडे आली ती दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून. त्यांचे वडील महाडच्या कोर्टात बेलिफ होते. जप्तीला, ताबा द्यायला वडील गावोगाव जात आणि सुट्टीच्या दिवशी या मुलाला सोबत नेत. वस्तू जिथे आहे तिथे, जशी आहे तशी आधी लिहून घ्यायची, दोन त्रयस्थ माणसांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच तिला हात लावायचा, हे सर तिथे शिकले. बाकीचं सगळं शिक्षण, ते म्हणायचे, त्यावरची टीप आहे.

दुसरे कायमचे पंच म्हणजे धोंडूमामा. कॉलेजचे शिपाई. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर त्यांची वाडी, घरी गुरं, थोडी वरी-नाचणी. पहिल्यांदा सरांनी त्यांना बोलावलं तेव्हा ते हातातला झाडू घेऊनच आत आले.

"सर, माजी सही कशाला? मला त्यातलं काय कळतंय?"

"समोर काय दिसतंय?"

"काय नाय. टीव्ही बंद पडलाय."

"टीव्ही नाही तो. नीट बघा. काय दिसतंय?"

मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "काळं हाय. वर पांढऱ्या वळी हायेत. खाली एक दांडी हाय, ती काय हालत नाय."

"लिहा पंच," सर मला म्हणाले. "दांडी हलत नाही."

"पन ते काय हाय ते मला नाय कळत."

"पंचाला कळायला लागत नाही, मामा. पंचाला दिसायला लागतं. कळून घ्यायचं काम माझं."

मी पंचनामा लिहायचो. त्याची भाषा सरांनी कोर्टातूनच आणली होती. 'आम्ही खाली सही करणार पंच, लॅबप्रमुखांनी समक्ष बोलावल्यावरून हजर राहून लिहून देतो की, खिडकीलगतच्या टेबलावर एक संगणक चालू स्थितीत परंतु निश्चल आढळला.' सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं. 'मला वाटतं' हे दोन शब्द लॅबमध्ये कोणी उच्चारायचे नाहीत, हा त्यांचा दुसरा नियम. एखादा मुलगा म्हणे, "सर, मला वाटतं व्हायरस आलाय." सर म्हणत, "वाटणं घरच्यांसाठी ठेव. इथे काय दिसलं ते सांग."

प्राचार्यांना हे सारं खेळ वाटे. ते एकदा दारात उभे राहून म्हणाले, "अहो सर, बंद करून परत चालू करा ना. आमच्या घरचा फ्रीज मी तसाच सुधारतो."

"चोरी झाल्यावर घर झाडून घेतलं तर चोर सापडेल का?"

"पण चोरी कुठे झालीये? कॉम्प्युटर अडकलाय नुसता."

"तो का अडकला हे त्याच्या पोटात आत्ता आहे. बंद केला की गेलं."

प्राचार्य माझ्याकडे बघून निघून गेले. त्या बघण्याचा अर्थ असा होता की तुम्ही तरी शहाणे आहात असं मी समजत होतो.

आमच्या लॅबमधली यंत्रं मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेली. त्यांच्यावर सरांनी विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. मासिकाला चिकटवून येणाऱ्या सीडीवर ते मिळे आणि विकत घ्यावं लागत नसे, म्हणून संस्थेने कुरकुर न करता मान्य केलं. सरांना ते आवडण्याचं कारण निराळं होतं. त्याच्या आतलं सगळं उघडून वाचता येत होतं. ज्याचं आत बघता येत नाही त्याचा पंचनामा कसा करणार?

पण हे वाचणं म्हणजे नेमकं काय, ते मला कळत नव्हतं. एकदा चहा पिताना मी विचारलं, "सर, तुम्ही सारखं लायब्ररीत बिघाड आहे म्हणता. कसली लायब्ररी?"

सरांना चहा गार करून प्यायची सवय होती. कपावर बशी झाकून ते म्हणाले, "तुमच्या गावी गावकीची भांडी आहेत?"

होती. मोठाले टोप, पराती, झारे. सगळ्या गावाने मिळून घेतलेली आणि देवळात ठेवलेली. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावी, घासून परत आणून ठेवावी.

"तशीच ही. मजकूर इकडचा तिकडे न्यायचा, आकडे मांडायचे, वेळ बघायची, ही कामं प्रत्येक प्रोग्रामला लागतात. जो तो स्वतःची भांडी करत बसत नाही. सामाईक भांडी असतात, ती नेतो. त्यांना म्हणायचं लायब्ररी. आता एका टोपाला चीर असली तर काय होईल?"

"डाळ सांडेल."

"ज्याच्या घरी कार्य, त्याच्या घरी सांडेल. आणि लोक नावं कोणाला ठेवतील? यजमानाला. टोपाकडे कोणी बघत नाही."

"तुम्ही बघता."

"मी टोपच बघतो," सर म्हणाले आणि बशी काढून गार चहा पिऊ लागले.

अशी चीर सापडली की सर आमच्या पंचनाम्याचं इंग्रजी करत आणि बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन ते लायब्ररी सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींना पाठवत. पंचांच्या नावांसकट. पहिल्या काही पत्रांना उत्तरच आलं नाही. मग एका जर्मन माणसाने विचारलं की अहवाल नेमका आहे, परंतु हे श्रीयुत धोंडू कोण आणि ते कुठल्या विभागात काम करतात?

सरांनी हे व्हरांड्यात उभं राहून सांगितलं. "मामा, जर्मनीहून तुमची विचारपूस आहे."

"माजी? का वो? मी काय केलं?"

"तुम्ही पाहिलंत."

मामांनी ते सगळ्या वाडीला सांगितलं असणार, कारण पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावचा एक माणूस लॅब कुठली ते बघायला मुद्दाम आला. नंतर त्या जर्मनाने एक दुरुस्ती केली आणि तिच्याखाली आभाराच्या ओळीत सरांच्या नावाशेजारी धोंडूमामांचंही नाव घातलं. सरांनी तो कागद छापून शिपायांच्या खोलीत लावला. स्वतःच्या नावाबद्दल ते काही बोलले नाहीत.

सरांबरोबर काम करणं मात्र सोपं नव्हतं. कधी कधी अर्ध्या लॅबला 'जैसे थे' लागलेलं असे आणि उरलेल्या यंत्रांवर मुलं दाटीवाटीने बसत. मी एकदा म्हटलं, मुलांचं प्रॅक्टिकल बुडतंय. त्यावर ते म्हणाले, "चालू कॉम्प्युटरवर बसून काय शिकणार आहेत?" हे उत्तर नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. न कळणाऱ्यांची ते टिंगल करत, अगदी तोंडावर. कॉमर्सच्या एका प्राध्यापकांशी त्यांचं बोलणं कायमचं बंद झालं ते असंच.

त्यांचा खरा शत्रू होता वीजकपात. दिवे गेले की जपून ठेवलेली सगळी निश्चल यंत्रं एकदम मरत. सर तेव्हा जवळच्या बाकावर बसून राहत आणि आम्ही सांत्वनाला आल्यासारखे उभे राहायचो. शेवटी त्यांनी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून ट्रकची जुनी बॅटरी मिळवली, हातगाडीवर घालून बाजारातून आणली आणि तिच्यावर एक यंत्र जगवायची सोय केली. बॅटरीतलं ॲसिड पँटवर सांडलं. तीच पँट घालून ते शनिवारी पोलादपूरला गेले. वहिनी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे सर आठवडाभर महाडला खोली घेऊन राहत आणि शनिवारी एसटीने घरी जात. वहिनींनी पुढे मला सांगितलं, "मी म्हटलं, पँटला भोकं पडली. तर म्हणतात, पुरावा शाबूत आहे. यांचं सगळं असंच. दूध उतू गेलं तर गॅस बंद करायचा सोडून आधी कुठल्या बाजूने गेलं ते बघतात."

एसटीत ते लायब्ररीची माहितीपत्रकं वाचत. ती त्यांनी जोडकागदावर छापलेली असत, न फाडता. वाचून झालेला भाग मांडीवरून खाली उतरत शेजारच्या माणसाच्या पायांपर्यंत जाई. लोक सरकून बसत. कोणीतरी पत्रिका जुळवायला निघाला असावा, असा त्यांचा समज होत असेल.

अकरावीच्या निकालाचं प्रकरण झालं त्या वर्षी लॅबमध्ये एक नवं यंत्र आलं होतं. अकरावीचा निकाल कॉलेजनेच लावायचा असतो. त्यासाठीचा प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिला होता आणि तो जुन्या यंत्रावर कित्येक वर्षं बिनतक्रार चालला होता. गुण भरायचं काम ऑफिसातल्या नसीमाबाईंचं. पोलादपूर रस्त्यावरच्या एका गावातून त्या रोज यायच्या. भाऊ कुवेतला. त्याचा मुलगा शिकायला बाईंकडे राहिलेला आणि आमच्याच अकरावीत होता. त्या वर्षी सरांनी नव्या यंत्रावर लिनक्सची नवी आवृत्ती घातली आणि निकाल त्याच्यावर काढला.

निकाल फळ्यावर लागला आणि दुपारपर्यंत ऑफिसच्या खिडकीसमोर गर्दी झाली. बाजारातल्या एका कापडदुकानदाराची हुशार मुलगी गणितात नापास होती. आणखी काही मुलांचे गुण भलतेच होते. नसीमाबाईंच्या भाच्याला गणितात उत्तम गुण होते. आपण नापास होणार हे त्या मुलाला पक्कं माहीत होतं. तो फळ्यासमोर तोंड उघडं टाकून उभा होता.

दुसऱ्या दिवशी गावात एकच बोलणं. बाईंनी भाच्याला पास केलं आणि ते झाकायला इतरांचे गुण इकडचे तिकडे केले. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. संस्थेच्या समितीची बैठक होईपर्यंत कामावर येऊ नका, असंही सांगितलं. बैठकीत काय होणार हे ऑफिसात सगळ्यांना कळत होतं. बाईंची नोकरी जाणार होती.

त्या लॅबमध्ये आल्या तेव्हा मी तिथेच होतो.

"सर, मास्तरांच्या कागदावर होते तेच गुण मी भरले. एकेक वाचून भरले."

"भरताना काही वेगळं दिसलं?"

"मला काय दिसणार? लोक माझ्याकडे बघतात ते दिसतंय."

सरांनी उठून नव्या यंत्राला पाटी लावली.

बाई घरी बसल्या नाहीत. "घरी बसले तर म्हणतील तोंड लपवलं," असं म्हणून त्या रोज पहिल्या गाडीने येत आणि व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहत. जाणारा येणारा त्यांना बघत असे आणि त्या जाणाऱ्या येणाऱ्याला.

सरांनी तेच गुण, तोच प्रोग्राम जुन्या यंत्रावर चालवला. निकाल बरोबर आला. नव्यावर चालवला, चुकीचा आला. परत चालवला, परत तसाच. धोंडूमामा आणि मी दोन्ही बघून सह्या करत होतो. शेवटी सरांना जागा सापडली. वर्षाच्या मध्ये एक मुलगा कॉलेज सोडून गेला होता. त्याची ओळ काढली की खालच्या सगळ्या ओळी एकेक जागा वर सरकायच्या. हे सरकवायचं काम प्रोग्राम लायब्ररीकडून करून घेई.

"एसटीच्या रांगेतून एक माणूस निघून गेला," सर मला म्हणाले. "आता मागच्यांनी पुढे सरकायचं. आधी कोणी पाऊल टाकायचं?"

"मोकळ्या जागेच्या लगेच मागे असेल त्याने."

"बरोबर. मग त्याच्या मागच्याने. जुनी लायब्ररी असंच सरकवायची. नवी लायब्ररी या नव्या यंत्रावर शेपटाकडून सुरुवात करते. मागचा आधी पुढे येतो आणि पुढच्याच्या अंगावर चढतो." त्यांनी निकालाच्या कागदावर बोट ठेवलं. "भाच्याच्या जागी त्याच्या खालच्या मुलीचे गुण आले. त्या दुकानदाराच्या मुलीच्या जागी तिच्या खालच्याचे." त्यांचा चेहरा फुलला होता. "टोपाला चीर आहे, पंच."

प्राचार्यांना खरंच सुटल्यासारखं झालं. "उत्तम," ते म्हणाले. "मग त्या परदेशातल्या लोकांकडून तसं लेखी मागवा. समितीपुढे ठेवू. बाई सुटतील, तुम्हीही सुटाल." सरांनी पंचनामा पाठवला. बाकावर बसलेल्या बाईंना मी जाऊन सांगितलं की आता उत्तर येईल. बाई म्हणाल्या, "येऊ दे."

उत्तर आलं तेव्हा मी सरांबरोबर कॅफेत होतो. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, छापून घेतलं आणि चालू लागले. चवदार तळ्यापाशी आल्यावर पायऱ्यांवर बसले. मी शेजारी बसलो. पाण्यात खालच्या पायरीवर दोन मुलं पाय बुडवून भांडत होती.

"टोप चांगला आहे," सर म्हणाले.

"मग?"

"मीच तो उलटा ठेवला चुलीवर." त्यांनी कागद माझ्याकडे दिला, जसं काही मला त्यातलं कळणार होतं. "मजकूर हलवायची दोन भांडी आहेत लायब्ररीत. जुनी जागा आणि नवी जागा एकमेकींवर येत असतील तर पहिलं वापरू नका, दुसरं वापरा, असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. मी पहिलं वापरलं. ते पान मी कितीदा वाचलंय. मुलांना शिकवलंय. पण जुन्या लायब्ररीत ते चालून जात होतं. इतकी वर्षं चाललं, म्हणून बरोबर आहे असं..." ते थांबले. "असं वाटलं."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी प्रथमच ऐकला.

मी त्यांना सुचवलं की समितीला इतकं खोलात सांगायची गरज नाही. निकालात तांत्रिक दोष आढळला, एवढं लिहू. खोटंही नाही. संस्थेचे कार्यवाह लॅब एका बाहेरच्या एजन्सीला द्यायला टपलेले आहेत, हे दोघांनाही माहीत होतं. सरांच्या हातून चूक झाली असं कागदावर आलं की लॅब गेलीच. तिच्यापलीकडे त्यांच्याकडे महाडात होतं काय?

सर म्हणाले, "तांत्रिक दोष म्हणजे काय हो? कोणाचा? हा शब्द ऐकला की लोक काय समजतील? बाईंनी केलं आणि कॉलेजने झाकलं. बाई नोकरीत राहतील आणि रिटायर होईपर्यंत रोज त्या खिडकीत चोर म्हणून बसतील."

मी तो कागद घडी करून त्यांना परत दिला.

"दोष कोणाचा ते नाव घालूनच लिहावं लागेल," ते म्हणाले. "चला, पंच. काम आहे."

त्यांनी स्वतःच्या प्रोग्रामचा पंचनामा केला. अमुक ओळीत लॅबप्रमुखांनी अमुक आज्ञा वापरलेली आढळली, ती वापरू नये असे अमुक पानावर नमूद आहे. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. धोंडूमामांना सहीला बोलावलं तर त्यांनी पेन घेतलंच नाही.

"ह्याच्यावर मी सही नाय करनार. हे तुमच्याविरुद्ध हाय."

"विरुद्ध नाही, मामा. जे दिसलं ते आहे."

"मला दिसलं ते एवढंच, तुम्ही सकाळपासून जेवला नाय."

"जेवतो. सही करा."

"आधी जेवा."

सर डबा उघडून उभ्याउभ्या जेवले. मामांनी ते संपेपर्यंत पाहिलं आणि मग सही केली.

बैठकीत सरांनी पंचनामा उभं राहून वाचला. कार्यवाहांना पहिल्यांदा समजलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला.

"म्हणजे चूक तुमची?"

"हो."

"कॉम्प्युटरची नाही?"

"नाही."

"त्या फॉरेनवाल्यांची?"

"नाही. त्यांनी सगळं आधीच लिहून ठेवलं होतं."

"बाईंची?"

"नाही. बाईंनी भरलेला प्रत्येक आकडा बरोबर आहे. माझ्याकडे तो जुन्या यंत्रावर तपासलेला आहे आणि पंच इथे बसले आहेत."

कार्यवाहांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी नसीमाबाईंना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

बाई उठल्या. "निकाल दुरुस्त करून परत लावा. माझ्या भाच्याचा पण. तो गणितात नापास आहे."

"ते बघू हो," एक सदस्य समजुतीने म्हणाले. "एकदा फळ्यावर लागलंय. त्या पोराचा काही दोष नाही, राहू दे तो पास."

"राहू कसं देता? मग मी कशाला उभी आहे इथे?"

निकाल दुरुस्त होऊन परत लागला. बाईंना सोमवारपासून कामावर यायला सांगितलं. लॅब एजन्सीला द्यायचं ठरलं आणि सरांनी फिजिक्सचं प्रॅक्टिकल बघावं, असा ठराव झाला. ठरावाच्या वेळी सर्वांनी सरांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. सर खाली बघून चष्मा पुसत होते.

शनिवार होता. मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत गेलो. पोलादपूरची गाडी लागायची होती. त्याच गाडीने जायला नसीमाबाई आधीच येऊन उभ्या होत्या, शेजारी तो भाचा, मान खाली घालून. सर त्यांच्याजवळ गेले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते जमत नव्हतं. त्यांना पंचनामा वाचता येई, माफी मागायची सवय नव्हती.

"बाई, माझ्यामुळे तुम्हाला फार..."

"असू दे सर." बाईंनी पदर सावरला. "मी बाकावर बसून रोज एकच विचार करत होते. तुम्ही म्हणत होता, परदेशातल्या कुठल्या लायब्ररीची चूक आहे. तसं लेखी आलं असतं तर गावात कोणी मानलं असतं? म्हणाले असते, मास्तरने बाईसाठी कागद मागवला."

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"माणूस लागतो लोकांना," बाई म्हणाल्या. "यंत्राने केलं म्हटलं की कोणाचं समाधान होत नाय. ते शेवटी माझ्याकडेच आले असते. तुम्ही उभं राहून म्हणालात, मी केलं, तेव्हा कुठे त्यांनी माझ्यावरची नजर काढली."

हे सरांना नवीन होतं. ते त्यावर विचार करताहेत, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे चूक माझी निघाली ते बरं झालं म्हणायचं."

"बरं कसलं डोंबलाचं? या पोराचं वर्ष गेलं ना." बाईंनी भाच्याच्या पाठीत हलकेच एक दिली. "आता हा परत गणिताला बसणार. तुम्हाला तर आता लॅबचं काम नाय. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर याला घेऊन बसा."

"मी?"

"मग कोण? मला येतं का गणित?"

गाडी लागली. धक्काबुक्की करत लोक चढले. मी खालून बघत होतो. बाईंना पुढे जागा मिळाली. सर मागच्या बाकावर त्या मुलाशेजारी बसले होते आणि गाडी हलायच्या आत त्याला विचारत होते, "पेपरात काय लिहिलं होतंस? आठवतंय तेवढं सांग. पहिल्या प्रश्नापासून."